दुल्हाभाईंचा डबा

खैरुद्दीन सरखोतला अरबी जेमतेमच येत होती. पाणी, उद्या, दार, तार, थांब, चल एवढे शब्द दुबईत आल्यावर कानावर पडून पडून बसले. एक शब्द मात्र त्याने मुद्दाम विचारून घेतला होता: रुतूबा. रुतूबा म्हणजे हवेतला दमटपणा. उन्हाळा सुरू झाला की खाडीवरून येणारी ही खारट ओल तांब्याच्या तारेवर हिरवी पूड धरते, स्क्रू खाते आणि चांदीच्या टोकांवर काळी साय चढवते. ज्याच्याशी रोज भांडायचे त्याचे नाव तरी ठाऊक असावे, असे खैरुद्दीनचे म्हणणे होते.

तो बाणकोटच्या खाडीकाठचा. वडील मचव्यावर तांडेल होते. मुलाने समुद्रावर जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला मुंबईला धाडले, आणि तो टेलिफोन दुरुस्तीच्या एका कारखान्यात बाकावर बसला. तिथे त्याने वर्षानुवर्षे एकच काम केले, रिले नीट करायचे. रिले म्हणजे विजेची खिट्टी. तिच्या गुंडाळीत वीज सोडली की लोखंडाची एक जीभ ओढली जाते आणि पितळी पट्ट्यांच्या जोड्या एकमेकींना चिकटतात. वीज थांबली की जीभ सुटते आणि पट्ट्या अलग होतात. जीभ किती सैल, पट्टी किती वाकडी, हे खैरुद्दीन डोळे मिटून आवाजावरून सांगत असे.

१९६३ साली त्याला दुबईला बोलावले ते मुश्ताकने. मुश्ताक हा त्याच्या थोरल्या बहिणीचा, बिलकीसचा नवरा. दुबईच्या देरा भागातल्या एका अरब व्यापाऱ्याच्या पेढीवर तो मुन्शी होता. या व्यापाऱ्याला सगळी हिंदी माणसे अरबाब म्हणत, म्हणजे मालक. अरबाबला ‘चाय’ आणि ‘जल्दी’ यापलीकडे हिंदी येत नाही, असे पेढीवर सगळेच धरून चालत. त्यामुळे अरबाब आणि त्याची हिंदी माणसे यांच्यातला प्रत्येक शब्द मुश्ताकच्या तोंडातून जाई आणि मुश्ताकच्या तोंडातून येई.

राहायला देऱ्यातच एक खोली होती. बाणकोट, श्रीवर्धन, म्हसळा इकडची माणसे तिच्यात दाटीने राहत. पंख्याखालची जागा मुश्ताकची. चहाचा पहिला पेला त्याचा. खैरुद्दीन त्याच्यासमोर सिगारेट पेटवत नसे, त्याच्याकडे पाय करून झोपत नसे आणि त्याच्या सामानाला हात लावत नसे. बहिणीच्या नवऱ्याला विचारायचे नसते, तपासायचे तर नसतेच. कोकणातल्या त्याच्या घरात हे कोणी शिकवले नव्हते, पण सगळे तसेच वागत. खोलीत हमदुल्ला नावाचा श्रीवर्धनचा एक जण होता. अरबाबच्या कापडाच्या दुकानात तो गज मोजायचा. तो म्हणायचा, “खैरू, तुझे दुल्हाभाई शिंकले तरी तू उठून उभा राहशील.”

“राहीन,” खैरुद्दीन म्हणायचा. “तुझी काय हरकत?”

“माझी हरकत काही नाही. माझी झोप मोडते.”

अरबाबचा पसारा वाढत होता. बाजारात दुकान, मागे गोदाम, खाडीच्या धक्क्यावर शेड, आणि स्वतःचे घर. या सगळ्यांशी बसल्या जागेवरून बोलता यावे म्हणून त्याने बाहेरून एक यंत्र मागवले होते. त्यावर ओळीने बटणे होती आणि बटणांखाली लोखंडी पट्टी. एक बटण दाबले की पट्टी सरकून आधीचे बटण वर उडे. पहिल्याच उन्हाळ्यात त्या पट्टीत वाळू आणि मीठ बसले. दाबलेले बटण वर येईना. अरबाब गोदामाशी जे बोलला ते दुकानात गिऱ्हाइकांसमोर खणखणीत ऐकू आले. एका गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे भाव पाडून मागितला.

अरबाबने मुश्ताकला बोलावले आणि मुश्ताकने आपल्या मेहुण्याला. अरबाब जे म्हणाला ते मुश्ताकने असे सांगितले: “बघ, दोन गोष्टी आहेत. एकाशी बोलताना दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये, कधीच नाही. आणि उद्या अरबाबने नवीन दुकान घेतलं तर हे सगळं परत खोलत बसायचं नाही. जमेल?”

“सांगा त्यांना, विचार करून बोलतो.”

मुश्ताकने अरबीत काहीतरी सांगितले आणि अरबाबने मान डोलावली. बाहेर आल्यावर मुश्ताक म्हणाला, “मी हो म्हणून सांगितलंय.”

नुसती पहिली अट अवघड नव्हती. प्रत्येक रिलेने बाकी प्रत्येक रिलेची वाट अडवायची, मुंबईत ही पद्धत त्याने पाहिली होती. पण त्यात प्रत्येकाला बाकी सगळे माहीत असावे लागतात. नवा एक आला की जुन्या सगळ्यांची पोटे फाडून त्याची तार आत घ्यायची. दुसरी अट तिथेच मोडत होती. काही दिवस तो चहाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर रेघा मारत राहिला. शेवटी जे सुचले ते त्याने खोलीत हमदुल्लाला समजावले, कारण हमदुल्लाला समजले तर कोणालाही समजेल असे त्याला वाटले.

“धरून ठेवणारी तार सगळ्यांना मिळून एकच,” तो म्हणाला. “ती प्रत्येक बटणाच्या पाठीतून जाते. कुठलंही बटण दाबलं की ती तुटते. तार तुटली की जो लागलेला असेल तो पडतो. कोण होता, कितवा होता, विचारायचंच नाही. आणि दाबलेल्याला बोटातून सरळ वीज मिळते. बोट उचललं की तार परत जुळते, आणि त्या वेळी जो उभा असेल तो उभा राहतो.”

“बोट उचलल्यावर आणि तार जुळायच्या आधी तो पडला तर?”

खैरुद्दीनने त्याच्याकडे पाहिले. प्रश्न बरोबर होता. “त्याच्या बगलेत कंडेन्सर देतो. क्षणभर श्वास धरायला पुरेल एवढी वीज त्यात राहते.”

“आणि दोन बटणं एकदम दाबली तर?”

“दाबायची वीज एका टोकाकडून येते. अलीकडचं बटण दाबलेलं असेल तर पलीकडच्याला ती पोचतच नाही. अलीकडचा जिंकतो.”

“अलीकडे कोण?”

“धक्का. अरबाबने सांगितलंय. मग गोदाम, मग घर, मग दुकान.”

“म्हणजे आमचं दुकान परत शेपटाला,” हमदुल्ला म्हणाला. “कोकणातून इथं आलो तरी रांग तीच.”

प्रत्येक बटणासाठी एक डबा. खाडीकाठी लाकडी जहाजे बांधायचे काम चालायचे, तिथले उरलेले सागवानी तुकडे आणून त्याने ते डबे जोडले. रिले शारजाच्या विमानतळावरून भंगारात निघालेल्या मालातून आले. प्रत्येक डब्यात एक बटण, एक रिले आणि एक छोटा दिवा. रिलेवर पट्ट्यांच्या दोन जोड्या होत्या; एक स्वतःला धरून ठेवायची, दुसरी आवाजाची. डावीकडून तारा आत येत, उजवीकडून बाहेर जात, आणि पुढचा डबा त्यात नुसता खुपसायचा. शेवटच्या डब्याच्या तोंडावर एक टोपी होती, आत तांब्याचा तुकडा असलेली. ती बसली की धरून ठेवणारी तार वळून परत येई. नवा डबा जोडायचा तर टोपी काढायची, डबा लावायचा, टोपी त्याच्या तोंडावर बसवायची. आधीच्या डब्यांना कळतही नसे.

दिव्याचा प्रश्न आला तेव्हा त्याने एक सोय केली. दिव्यासाठी रिलेवर तिसरी जोडी खर्च करण्याऐवजी तो गुंडाळीलाच जोडला. गुंडाळीत वीज असेल तर दिवा लागेल. रिलेला हुकूम मिळाला की नाही हे दिवा सांगत होता; रिलेने तो पाळला की नाही हे सांगत नव्हता. त्या वेळी हा फरक कुणाच्या लक्षात आला नाही, त्याच्याही नाही.

अरबाबच्या खुर्चीमागच्या भिंतीवर फळी ठोकून डबे ओळीने बसले. अरबाब बराच वेळ दाबून पाहत राहिला. एक दिवा लागायचा, दुसरा विझायचा. दुकान आणि धक्का एकदम दाबले की धक्काच लागायचा. अरबाब हसला आणि मुश्ताकच्या पाठीवर थाप मारली.

बाजारात बातमी फिरली. ‘सरखोतची बटणे’ बघायला इतर पेढ्यांची माणसे येऊ लागली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तीन पेढ्यांनी आपल्याकडेही लावून मागितले होते, आणि खैरुद्दीनने देऱ्यात एका गल्लीत जागा बघून ठेवली होती. पाटी कशी असावी हेही ठरले होते, नुसते ‘सरखोत’. मुंबईत त्याने दुरुस्त केलेल्या हजारो रिलेंवर कुणाचेच नाव नव्हते.

याच सुमारास मुन्शीच्या खोलीसाठी एक डबा वाढवायचे ठरले. खैरुद्दीनने डबा तयार करून आणला, पण लावला मुश्ताकने. कल्पना खैरुद्दीनचीच होती. ज्याने कधी इस्त्रीची वायरही जोडली नाही असा माणूस हे करू शकतो, हे अरबाबला दाखवायचे होते. त्याने आधी झाकण उघडून मुश्ताकला सगळे समजावले होते. “ही जोडी धरून ठेवायची, दुल्हाभाई. हिला हात लावू नका. ही आवाजाची. ही चिकटली की तुमच्या खोलीत आवाज येतो.”

“ही?” मुश्ताकने विचारले होते.

“ही.”

मुश्ताकने टोपी काढली, डबा खुपसला, टोपी बसवली. बटण दाबले, दिवा लागला. अरबाब म्हणाला, “यल्ला, मुन्शी मेकॅनिक झाला,” आणि मुश्ताकनेच ते हिंदीत सांगून सगळ्यांना हसवले.

दर काही आठवड्यांनी खैरुद्दीन स्पिरिटमध्ये बुडवलेली कागदाची पट्टी घेऊन यायचा, एकेक डबा उघडायचा आणि टोके पुसायचा. धक्का, गोदाम, घर, दुकान. शेवटचा डबा तो उघडत नसे. तो दुल्हाभाईंचा होता, त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेला. त्यांच्या पाठीमागे तो उघडणे म्हणजे त्यांचे काम तपासणे. एकदा हमदुल्लाने विचारलेही, “तो का सोडलास?” खैरुद्दीन म्हणाला, “चालतोय की.”

मग आवाज बारीक झाला. अरबाबने तक्रार केली की पूर्वीसारखे खणखणीत ऐकू येत नाही. खैरुद्दीनने चारही डब्यांची टोके पुसली, तारा ताणून पाहिल्या, काही सापडले नाही. हात झटकत तो म्हणाला, “रुतूबा.” अरबाबलाही ते पटले. उन्हाळा होता.

त्याच उन्हाळ्यात अरबाबचे दोन सौदे गेले. कापडाच्या मालावर बोली लावायची होती. आपली बोली किती, हे अरबाबने फक्त धक्क्यावरच्या माणसाला सांगितले होते, बटण दाबून. खाडीच्या पलीकडच्या काठच्या एका व्यापाऱ्याने तेवढ्याहून किंचित जास्त बोली लावली आणि माल उचलला. एकदा झाले तेव्हा अरबाबने ते सोडून दिले. दुसऱ्यांदा झाले तेव्हा त्याने खैरुद्दीनला बोलावले.

अरबाब खुर्चीत होता, मुश्ताक बाजूला उभा. अरबाबने अरबीत विचारले, आणि मुश्ताकने सांगितले, “विचारतायत, दोन लाइनी एकदम लागू शकतात का?”

खैरुद्दीनने हिंदीत उत्तर दिले, अरबाबकडे बघून, सावकाश. “नहीं. डब्बे के अंदर किसी ने हाथ नहीं डाला, तो नहीं लग सकतीं. यह मैं लिख के दे सकता हूँ.”

मुश्ताक अरबीत बोलला. वाक्य लांब होते आणि त्यातला एकच शब्द खैरुद्दीनला कळला. रुतूबा.

तो तिथेच थांबला. आवाज बारीक झाला तेव्हा हा शब्द त्याने स्वतः उच्चारला होता, पण आज नाही. अरबाबने मान हलवली, हात हलवला, जा म्हणून.

बाहेरच्या जिन्यात खैरुद्दीन म्हणाला, “दुल्हाभाई, मी आज रुतूबा म्हणालो नव्हतो.”

“मग काय म्हणालास?”

“दोन लाइनी लागत नाहीत म्हणालो.”

“तेच सांगितलं. जरा गोड करून सांगितलं. अरबाबला तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं चालत नाही, तुला काय माहीत.” मुश्ताकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जा, जेव जा.”

दुपारी पेढी बंद होई आणि सगळे झोपायला जात. फळीवरचा धुळीचा फडका बदलायचा आहे असे पहारेकऱ्याला सांगून खैरुद्दीन आत गेला. त्याने शेवटचा डबा उघडला. आवाजाच्या जोडीमागे लाकडाची एक पातळ काडी खोचलेली होती. तिच्यामुळे त्या दोन पट्ट्या कायम चिकटलेल्या होत्या. धरून ठेवणारी जोडी मोकळी होती, गुंडाळीत वीज नव्हती, दिवा विझलेला. सर्किट सांगत होते ते सगळे खरे होते. अरबाब कुणाशीही बोलला तरी मुन्शीच्या खोलीत ते ऐकू येत होते, आणि दोन ठिकाणी वाटला गेल्याने आवाज बारीक झाला होता.

काडी पांढरट होती, एका बाजूने सोललेली. नाकाशी धरली तेव्हा मोहरीसारखा तिखट वास आला. मुश्ताक रोज सकाळी पंख्याखाली बसून छोट्या सुरीने मिसवाक, दात घासायची काडी, सोलायचा. खोलीत दुसरा कोणी मिसवाक वापरत नव्हता.

खोलीवर मुश्ताक नुकताच झोपेतून उठला होता. बाकीचे अजून आले नव्हते. खैरुद्दीनने काडी त्याच्यासमोर चटईवर ठेवली. मुश्ताकने ती पाहिली आणि उशीखालची टोपी काढून डोक्यावर घातली.

“उघडलास तर,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं तू उघडणार नाहीस.”

“का केलंत?”

“पलीकडचा मला भागीदार करतोय. मुन्शी म्हणून मरू का मी?”

“मला का मध्ये घातलंत? रुतूबा का म्हणालात?”

“मग काय म्हणू? मिसवाक?” तो हसला. खैरुद्दीन हसला नाही, तेव्हा मुश्ताकने आवाज खाली आणला. “जा, सांग अरबाबला. कोणत्या भाषेत सांगशील? मलाच बोलावतील ते, तुझं बोलणं समजावून सांगायला.”

“माझ्या सर्किटचं नाव जातंय, दुल्हाभाई.”

“सर्किटचं जातंय. तुझं पोट नाही जात. ऐक. मी इथून गेलो तर एकटा जात नाही. बिलकीस जाते, पोरी जातात. तू गेलास तर तू जातोस, बस. आणि इथं आणला कोणी तुला?” त्याने काडी उचलून परत खैरुद्दीनच्या हातात दिली, जणू ती त्याचीच होती. “टाकून दे ती.”

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर, मुन्शी यायच्या आधी, खैरुद्दीन एकटा अरबाबकडे गेला. मुश्ताकचे नाव घ्यायचे नाही असे त्याने ठरवले होते. खुणांनी एवढेच दाखवायचे की सर्किट चोख आहे. त्याने शेवटच्या डब्याची टोपी काढली, डबा उपटला, टोपी दुकानाच्या डब्यावर बसवली आणि हात झटकून म्हणाला, “खलास.”

“बैठो,” अरबाब म्हणाला. “तुम्हारा दुल्हाभाई अभी सो रहा होगा.”

हिंदी स्वच्छ होती, मुंबईची. खैरुद्दीन उभाच राहिला.

“बाप मेरा मोती बेचता था, बंबई में,” अरबाब म्हणाला. “मैं बारह साल का होने तक वहीं था. जिसको लोग समझते हैं कि सुनता नहीं, उसके सामने लोग अच्छा बोलते हैं. कल तुमने ना बोला, उसने रुतूबा बोला. दोनों मैंने सुना.”

खैरुद्दीनने खिशातली काडी टेबलावर ठेवली. अरबाबने ती उचलली, वास घेतला.

“मैंने किसी का नाम नहीं लिया,” खैरुद्दीन म्हणाला.

“ज़रूरत नहीं. डब्बा वापस लगाओ. यह भी.” त्याने काडी पुढे केली.

“यह क्यों?”

“अब मैं जो बोलूँगा, उस पार जाएगा. जाने दो. मुझे उस पार को कुछ सुनाना है.”

“मेरे हाथ से नहीं होगा, अरबाब.”

अरबाब रागावला नाही. तो उठला, टोपी काढली, डबा खुपसला, टोपी बसवली. झाकण उघडून त्याने काडी आधी चुकीच्या जोडीत घातली. मुन्शीचा दिवा लागला आणि विझेना. त्याने ती काढून दुसऱ्या जोडीमागे खोचली. दिवा विझला. “देखो,” तो म्हणाला, “मुझसे भी हो गया. तुमने बहुत अच्छा बनाया है.”

“तो बाज़ार में एक बात बोल दीजिए. कि सर्किट में खोट नहीं.”

“अभी नहीं. अभी बोला तो वह समझ जाएगा. अभी बाज़ार को समझने दो कि बटन ख़राब है और तुम ख़राबी की वजह से निकाले गए. काम होने दो. बाद में, इन्शाल्ला.”

त्याच आठवड्यात खैरुद्दीन शारजाला गेला. तिथे एका गॅरेजच्या कोपऱ्यात बसून तो रेडिओ आणि पंखे दुरुस्त करू लागला. तिन्ही पेढ्यांनी आपले काम परत घेतले. एकाने तर लोखंडी पट्टीवाले जुन्या जातीचे यंत्रच मागवले. देऱ्याच्या बाजारात, ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही अशा माणसाला लोक ‘सरखोतचे बटण’ म्हणू लागले. हमदुल्ला एकदा भेटायला आला तेव्हा त्याने हे सांगितले. हसत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला.

“मी भांडलो रे दोघातिघांशी,” तो म्हणाला. “पण मला तरी कुठं माहीत, झालं काय होतं?”

खैरुद्दीनने त्याला सांगितले नाही. सांगितले तर ते मुश्ताकपर्यंत जाणार, आणि अरबाबने शब्द दिला होता.

पुढच्या हिवाळ्यात काम झाले. अरबाब काही दिवस धक्क्याच्या माणसाशी एका जपानी कापडाच्या मालाबद्दल मोठ्या आवाजात बोलत राहिला, बोली चढवत राहिला. पलीकडच्या व्यापाऱ्याने त्याहून वरची बोली लावली. अरबाबने बोली लावलीच नाही. पाणी लागलेले, डाग पडलेले ते कापड पलीकडच्याच्या गळ्यात पडले. त्याने मुश्ताकला दारात उभे करणे बंद केले. महिनाभराने अरबाबनेही मुश्ताकला एकच शब्द सांगितला, खलास, आणि मुंबईच्या बोटीवर बसवून दिले. कारण सांगितले नाही. अरबाब कारणे सांगत नसे.

खैरुद्दीन दुबईला गेला. आता बोलायला हरकत नव्हती. पेढीवर नवा मुन्शी होता, मलबारकडचा. अरबाबच्या मागची फळी लांब झाली होती. दोन डबे नवे होते, कुणा सुताराने जोडलेले, आणि टोपी सगळ्यात शेवटच्यावर बसलेली होती. त्याच्याशिवाय ते वाढले होते, तसेच वाढायला ते बनवले होते.

“अरबाब,” खैरुद्दीन म्हणाला, “काम हो गया. अब बाज़ार में वह बात बोल दीजिए.”

अरबाबने त्याच्याकडे पाहिले, मग मुन्शीकडे, आणि अरबीत काहीतरी म्हणाला.

“अरबाब पूछते हैं,” मुन्शी म्हणाला, “कौन सी बात? वह हिंदी नहीं समझते.”

खैरुद्दीनने अरबाबच्या चेहऱ्याकडे पाहिले. आपल्याला आधीच माहीत होते असे अरबाबने सांगायचे तर सौदा कसा फिरवला तेही सांगावे लागले असते. तेवढे एका मेकॅनिकच्या नावासाठी कोण सांगतो. मुन्शीने हिंदीतच विचारले, “कुछ और?” खैरुद्दीन म्हणाला, “नहीं.”

१९६८ च्या मे महिन्यात तो गावी गेला. बिलकीसच्या घरी ओसरीवर त्याला बसायला चटई घातली, चहा दिला. मुश्ताक भिंतीला टेकून मिसवाक सोलत होता. बिलकीस उभीच राहिली.

“तुझ्या त्या डब्यांनी माझं घर बुडवलं,” ती म्हणाली. “तू बिघडवलंस, आणि अरबाबने राग काढला यांच्यावर. मेहुण्याला आणलं म्हणून. थोरलीचं लग्न ठरत होतं, ते मोडलं. नीट येत नव्हतं तर कशाला हात घातलास?”

खैरुद्दीनने मुश्ताककडे पाहिले. एका वाक्याचे काम होते. ते वाक्य फक्त मुश्ताक बोलू शकत होता. खैरुद्दीन बोलला असता तर बिलकीसने ते मानले नसते, आणि मानले असते तर तिला याच घरात राहायचे होते.

मुश्ताकने साल काढून अंगणात टाकले. “जाऊ दे गं,” तो म्हणाला. “पोराची काय चूक? तिकडची हवाच तशी. रुतूबा.”

बिलकीस भावाकडे वळली. “खरं का?”

“हो,” खैरुद्दीन म्हणाला. “रुतूबा फार असते तिकडे, आपा.”

“मग हे तेव्हाच सांगायचं होतंस अरबाबला!”

“दुल्हाभाईंनी सांगितलं होतं,” खैरुद्दीन म्हणाला.

मुश्ताकची सुरी थांबली. मग परत चालू लागली.